जिप्समच्या भिंतीवर जड टीव्ही टांगायचाय? ड्रिल मशीन हातात घेण्याआधी हे वाचा

आजचा विषय मोबाईलचा नाही, पण मोबाईल यात कामाला येणार आहे. विषय आहे भिंतीवरचा टीव्ही आणि त्याच्या मागची भिंत.

मी सॉफ्टवेअर इंजिनिअर. ड्रिल मशीनशी माझा संबंध यायचं काही कारण नव्हतं. पण दोन वर्षांपूर्वी नांदेडला मावशीच्या घरी दुपारी जेवणं चालू असताना हॉलमधून मोठा आवाज आला. जाऊन बघतो तर ४३ इंची टीव्ही जमिनीवर पालथा पडलेला, आणि मागच्या सजावटीच्या पॅनलमध्ये चार भोकं. मामेबहिणीचं दोन वर्षांचं लेकरू पाच मिनिटांपूर्वी तिथेच खेळत बसलं होतं, वरणभात भरवायला म्हणून तिने त्याला उचलून आत आणलं होतं. टीव्ही गेला त्याचं कुणाला काहीच वाटलं नाही. मावशी नुसती त्या लेकराला धरून बसली होती.

नंतर मी ती भोकं नीट बघितली. टीव्ही बसवायला आलेल्या माणसाने दोन इंची स्क्रू मारले होते. पॅनल होतं १२ मिलिमीटरच्या एमडीएफचं, त्याच्यामागे दीड-दोन इंचांची पोकळी (वायर लपवायला सोडलेली), आणि मग खरी विटांची भिंत. म्हणजे स्क्रू विटेपर्यंत पोचलेच नव्हते. भुश्याच्या पातळ फळीवर टीव्ही आठ महिने लटकत होता. बसवताना घट्ट लागला होता, हाताने हलवून बघितला तर हलत नव्हता. दोष दिसला नाही म्हणून कुणाला कळलंही नाही.

म्हणून लातूरला दादाने नवीन ५५ इंची टीव्ही घेतला आणि तो हॉलमधल्या जिप्सम पार्टिशनवर लावायचं ठरवलं, तेव्हा मी म्हणाले, "थांब दादा, आधी भिंत बघू." दादा म्हणाला, "अगं, चार स्क्रू तर मारायचेत!"

त्या चार स्क्रूंचीच ही गोष्ट आहे.

आपली भिंत नेमकी कोणती?

आपल्याकडे भिंत म्हटलं की डोळ्यासमोर वीट येते. पण गेल्या काही वर्षांत लातूर-नांदेडच्या नवीन फ्लॅटमध्ये, ऑफिसमध्ये, दवाखान्यात जिप्सम बोर्डची पार्टिशनं सर्रास दिसायला लागली आहेत. लातूरच्या ट्यूशन एरियात तर एका हॉलचे दोन वर्ग करायचे म्हणजे पार्टिशन ठरलेलंच. त्यावर मग ६५-७५ इंची डिजिटल बोर्ड चढवतात, ज्यांचं वजन घरच्या टीव्हीच्या दुपटीहून जास्त असतं. त्याखाली पहिल्या बेंचवर पोरं बसलेली असतात. क्लास चालवणारं कुणी हे वाचत असेल तर खालचा भाग जरा नीट वाचा.

भिंत ओळखायची सोपी पद्धत म्हणजे बोटाच्या पेराने ठोकून बघणं. वीट किंवा काँक्रीट असेल तर आवाज ठस्स येतो आणि बोट दुखतं. जिप्सम असेल तर डब्यावर ठोकल्यासारखा पोकळ आवाज येतो. थोडं बाजूला सरकत ठोकत गेलं की दर दोनेक फुटांवर आवाज भरीव होतो, तिथे आत लोखंडी चॅनेल असतं.

शंका राहिलीच तर ब्रॅकेटच्या मागे झाकली जाईल अशा जागी ४ मिलिमीटरच्या बिटने एक छोटं भोक मारा आणि भुकटी बघा. लालसर भुकटी म्हणजे वीट. करडी आणि बिट पुढे सरकता सरकत नाही, म्हणजे काँक्रीटचा कॉलम किंवा बीम. फिकट राखाडी, रवाळ, आणि बिट लोण्यात गेल्यासारखा आत जातोय, तर एएसी ब्लॉक (आपल्याकडे बरेच जण त्याला सिपोरेक्स म्हणतात). पांढरी शुभ्र, खडूसारखी भुकटी आणि अर्ध्या इंचात बिट एकदम पोकळीत गेला, तर तो जिप्सम बोर्ड. सुरुवातीची भुकटी प्लास्टरची किंवा पुट्टीची असते, तिच्यावरून ठरवू नका.

मावशीच्या घरासारखा पाचवा प्रकारही आहे, आणि माझ्या मते सध्या तोच सगळ्यात फसवा आहे. बाहेरून एमडीएफ, पीव्हीसी किंवा लूव्हर्सचं पॅनल, मध्ये पोकळी, मागे वीट. ठोकलं तर आवाज जिप्समसारखाच येतो.

यूट्यूबवरचा व्हिडिओ इथे का चालत नाही

मीही आधी यूट्यूबच उघडलं होतं. तिथे सगळे सांगतात की भिंतीतला स्टड शोधा, तो १६ इंचांवर असतो, त्यात जाड लाकडाचा स्क्रू पिळा, झालं काम. हे सगळं खरं आहे, पण अमेरिकेतल्या घरासाठी. तिकडच्या घरांचा सांगाडाच लाकडाचा असतो. दीड इंच जाड आणि साडेतीन इंच खोल लाकडी खांब, त्यावर जिप्सम बोर्ड. त्या लाकडात स्क्रू गेला की माणूस लटकला तरी निघत नाही.

ऑगस्टीन सॅकेट नावाच्या माणसाने १८९४ मध्ये कागद आणि प्लास्टरचे थर एकावर एक लावून बनवलेल्या बोर्डचं पेटंट अमेरिकेत घेतलं. आजचा जिप्सम बोर्ड त्याचाच वंशज. दोन्ही बाजूंना जाड कागद आणि मध्ये जिप्सम, जाडी साधारण १२.५ मिलिमीटर. जिप्सम म्हणजे मुळात मऊ खनिज, नखाने ओरखडा उठतो इतकं मऊ. बोर्डला जी काही ताकद आहे ती बरीचशी त्या कागदामुळे. ओल लागून कागद भिजला की बोर्ड गेला.

आपल्याकडे पार्टिशन करताना या बोर्डच्या आत लाकूड नसतं. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याचं चॅनेल असतं, ज्याला कारागीर जीआय चॅनेल किंवा नुसतं स्टड म्हणतात. पत्र्याची जाडी साधारण अर्धा मिलिमीटर, आणि दोन स्टडमधलं अंतर बहुतेक वेळा ६०० मिलिमीटर, म्हणजे दोन फूट. आता गंमत बघा. व्हिडिओतला जाड लाकडी स्क्रू अर्ध्या मिलिमीटरच्या पत्र्यात मारला तर त्याच्या आट्यांना धरायला एक आटाभरसुद्धा जाडी मिळत नाही. शिवाय टीव्हीच्या ब्रॅकेटची रुंदी बऱ्याचदा दोन फुटांपेक्षा कमी, त्यामुळे एक बाजू स्टडवर आली तर दुसरी बाजू पोकळीवर येणार.

दादाने मला तो व्हिडिओ मिस्त्री मामांना दाखवायला लावला होता. त्यांनी शेवटपर्यंत शांतपणे बघितला आणि म्हणाले, "ताई, त्यांच्या भिंतीत लाकूड हाय. आपल्या भिंतीत पत्रा हाय. त्यांचं बघून आपलं कसं जमायचं?" मी तीन तास वाचून जे शोधलं होतं ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं.

फोनने चॅनेल शोधा

आता मोबाईलचं काम. जवळपास प्रत्येक स्मार्टफोनमध्ये मॅग्नेटोमीटर नावाचा सेन्सर असतो. नकाशात दिशा दाखवणारा होकायंत्राचा सेन्सर तो हाच. जवळ लोखंड आलं की त्याचा आकडा बदलतो. प्ले स्टोअरवर मेटल डिटेक्टर नावाची बरीच ॲप्स आहेत, पण बहुतेकांत जाहिरातींचा भडिमार. मी जर्मनीतल्या आखेन विद्यापीठाचं फायफॉक्स हे मोफत ॲप वापरते. त्यात मॅग्नेटोमीटर उघडला की आकडा मायक्रोटेस्लामध्ये सरळ दिसतो.

आधी फोनचं कव्हर काढा. काही कव्हरना आणि रिंग होल्डरना चुंबक असतो, तो सगळं बिघडवतो. फोन हवेत इंग्रजी आठच्या आकारात दोन-चारदा फिरवा, म्हणजे सेन्सर जागेवर येतो. आपल्या भागात मोकळ्या जागी आकडा चाळिशीच्या आसपास असतो, ते पृथ्वीचं स्वतःचं चुंबकत्व. मग फोन भिंतीला टेकवून एका रेषेत हळूहळू आडवा सरकवा. सेन्सर बहुतेक फोनमध्ये वरच्या बाजूला असतो, त्यामुळे वरचा भाग भिंतीला टेकलेला हवा. दादाच्या पार्टिशनवर आकडा ४३ वरून एका जागी ६५ च्या पुढे गेला. तिथे पेन्सिलने फुली मारली, एक फूट खाली आलो, पुन्हा तसंच. चार-पाच फुल्या एकाखाली एक आल्या की समजायचं हे चॅनेल. फुल्या इकडे-तिकडे विखुरल्या तर कदाचित एखादा सुटा स्क्रू सापडलाय.

खरं सांगायचं तर याहून स्वस्त आणि अचूक उपाय म्हणजे एक छोटा निओडायमियम चुंबक. जुन्या इअरफोनमधला किंवा बंद पडलेल्या हार्ड डिस्कमधला. दोऱ्याला बांधून भिंतीवर फिरवला की बोर्डच्या स्क्रूवर टपकन चिकटतो, आणि त्याच्या दोऱ्याचा आपोआप ओळंबाही होतो. फोनची टॉर्च भिंतीला समांतर धरली तर पुट्टीखालचे स्क्रूचे खड्डेही कधीकधी सावलीने दिसतात.

पण एक गोष्ट फोन शोधू शकत नाही आणि ती जिवाची आहे. कन्सील्ड वायरिंग. तांब्याला चुंबक ओढत नाही, आणि वायर प्लॅस्टिकच्या पाइपात असते. आकडा हलला नाही म्हणजे तिथे वायर नाही असं अजिबात समजू नका. वायर साधारणपणे स्विचबोर्डपासून सरळ वर, सरळ खाली किंवा सरळ आडवी गेलेली असते, त्या पट्ट्यात ड्रिल मारायचंच नाही. आणि ड्रिल मारताना त्या भिंतीचा एमसीबी बंद. मग ड्रिलला करंट कुठून? दुसऱ्या खोलीतून एक्स्टेन्शन आणा.

वजन किती, आणि ते ओढतं कुठे

टीव्हीच्या माहितीपुस्तिकेत दोन वजनं असतात, स्टँडसहित आणि स्टँडशिवाय. आपल्याला स्टँडशिवायचं हवं. दादाचा टीव्ही १६ किलो निघाला. ब्रॅकेटचे दोन किलो धरा, म्हणजे १८.

लोक इथेच थांबतात. १८ किलो म्हणजे काय, गव्हाचं अर्धं पोतंसुद्धा नाही, चार स्क्रूंना जड काय? पण स्क्रूवर दोन वेगवेगळे जोर येतात. एक खाली खेचणारा, आणि दुसरा भिंतीतून बाहेर उपटणारा. स्क्रू उपटला जातो तो दुसऱ्या जोराने, आणि हा जोर ठरतो टीव्ही भिंतीपासून किती लांब आहे यावर.

हिशोब सोपा आहे. वजन गुणिले भिंतीपासूनचं अंतर, भागिले ब्रॅकेटच्या वरच्या स्क्रूपासून खालच्या टोकापर्यंतची उंची. भिंतीला चिकटून बसणारं सरळ ब्रॅकेट असेल तर टीव्हीचं वजन भिंतीपासून समजा ६ सेंटिमीटरवर, ब्रॅकेटची उंची २० सेंटिमीटर. १८ गुणिले ६ भागिले २०, म्हणजे वरच्या स्क्रूंना मिळून साडेपाच किलोच्या आसपास ओढ. हे काहीच नाही.

आता तोच टीव्ही हलणाऱ्या आर्मवर लावा, जो बाहेर ओढून हवा तसा फिरवता येतो. आर्मचंच वजन चार-पाच किलो, एकूण धरा २१. आर्म पूर्ण बाहेर काढला की अंतर ५० सेंटिमीटर. २१ गुणिले ५० भागिले २० म्हणजे साडेबावन्न किलो! टीव्ही तोच, भिंत तीच, ओढ जवळजवळ दहापट. त्यात लहान मूल आर्मला लोंबकळलं तर विचारूच नका.

म्हणून माझं स्पष्ट मत आहे की जिप्समच्या भिंतीवर हलणारा आर्म लावूच नये. दादाला तोच हवा होता, स्वयंपाकघरातून वहिनीला मालिका दिसावी म्हणून. वहिनी म्हणाली, "मी फोनवर बघते, तुम्ही तो सरळवालाच आणा." विषय संपला.

ब्रॅकेट घेताना वेसा हा आकडा बघा. टीव्हीच्या मागे जी चार भोकं असतात त्यांच्यातलं आडवं आणि उभं अंतर म्हणजे वेसा, मिलिमीटरमध्ये. २००×२००, ३००×२००, ४००×३०० असे आकडे असतात. त्याच्यासोबत एम६ किंवा एम८ लिहिलेलं असतं, म्हणजे बोल्टची जाडी ६ किंवा ८ मिलिमीटर. बोल्टची लांबी पुस्तिकेत दिलेली तेवढीच वापरा. जास्त लांब बोल्ट पिळला तर तो आत जाऊन टीव्हीच्या सर्किटला किंवा पॅनलला टेकतो, आणि मग वॉरंटीवाले हात वर करतात.

दादाच्या पार्टिशनवर आम्ही काय केलं

मामांनी पहिला प्रश्न विचारला तो माझ्या डोक्यात आलाच नव्हता. "हे पार्टिशन वर स्लॅबला धरलंय का नुसतं फॉल्स सीलिंगला?" फॉल्स सीलिंगपर्यंतच थांबलेलं पार्टिशन वरून मोकळं असतं आणि ढकललं तर हलतं. त्यावर टीव्ही लावायचाच नाही. आमचं नशीब चांगलं, चॅनेल स्लॅबला पक्कं होतं.

मग त्यांनी टीव्हीच्या बाजूने काहीच न करता मागच्या बाजूने, म्हणजे पुतण्याच्या अभ्यासाच्या खोलीतून, बोर्डचा एक चौकोन कापून काढला. दोन स्टडच्या मधली जागा उघडी पडली. तिथे १८ मिलिमीटर जाडीच्या, पाण्याला टिकणाऱ्या प्लायचा तुकडा बरोब्बर मापात बसवला आणि दोन्ही बाजूंना लाकडी पट्ट्या देऊन तो स्टडला बऱ्याच स्क्रूंनी पक्का केला. पुढच्या जिप्सम बोर्डला प्लाय आतून चिकटून. मग टीव्हीच्या बाजूने ब्रॅकेटची भोकं आरपार मारली आणि मागून मोठे वॉशर टाकून ८ मिलिमीटरचे नट-बोल्ट आवळले. म्हणजे टीव्हीचं वजन आता जिप्समवर नाहीच. ते प्लायवर आहे, प्लायवरून दोन स्टडवर, आणि स्टडवरून खाली फरशीवर. कापलेला चौकोन परत बसवला, सांध्यावर जाळीची टेप आणि पुट्टी, वर रंग. पुतण्याने त्यावर लगेच क्रिकेटरचं पोस्टर लावलं.

पार्टिशन नवीन करत असाल तर हे सगळं फार सोपं आहे. बोर्ड लावण्याआधीच कारागिराला सांगा की टीव्हीच्या जागी आत प्लाय टाक. आणि बोर्ड बंद होण्याआधी मोजपट्टी भिंतीला लावून फोनने फोटो काढून ठेवा. चॅनेल कुठे, वायर कुठे, प्लाय कुठे, सगळं त्या एका फोटोत येतं. हा फोटो ड्राइव्हवर टाका, फोन बदलला की हरवतो.

टीव्ही टांगण्याआधी मी एक हट्ट केला. नुसत्या ब्रॅकेटला आधी दुप्पट वजन लावून बघायचं. वीस लिटरचा पाण्याचा जार भरला की वीस किलो होतो, आणि २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेने पाणी प्यायलेल्या आम्हा लातूरकरांच्या घरात जारची कमी नसते. खाली गादी अंथरली, दोरीने दोन जार ब्रॅकेटला अडकवले आणि रात्रभर ठेवले. सकाळी पेन्सिलच्या खुणेपासून ब्रॅकेट केसभरही सरकलं नव्हतं. मगच टीव्ही चढवला, तोही दोघांनी धरून.

मागून उघडता येत नसेल तर

भाड्याचं घर असेल किंवा मागे शेजाऱ्याचा कप्पाट असेल तर दुसरा रस्ता म्हणजे प्लाय बाहेरून लावणं. १८ मिलिमीटरचा प्लाय इतका रुंद घ्या की तो किमान दोन स्टड झाकेल, म्हणजे अडीच ते तीन फूट. प्रत्येक स्टडवर पत्र्यात जाणारे स्वतः भोक पाडणारे स्क्रू वरपासून खालपर्यंत पाच-सहा मारा, म्हणजे ओढ बऱ्याच ठिकाणी वाटली जाते. त्यावर ब्रॅकेट. दिसायला प्लाय वाईट दिसत असेल तर लॅमिनेट लावा, टीव्ही युनिटसारखाच दिसतो.

तिसरा रस्ता टॉगल बोल्टचा. बाजारात याला बटरफ्लाय बोल्ट पण म्हणतात. दुमडून भोकातून आत घालायचा, आत गेल्यावर त्याचे पंख उघडतात आणि बोर्डला मागून धरतात. छोट्या ३२ इंची टीव्हीला सरळ ब्रॅकेटसोबत हे चालतं, आणि भोक स्टडच्या पत्र्यातून पाडून पंख त्याच्या आत उघडले तर पकड आणखी चांगली. पण पाकिटावर छापलेलं वजन बघून खूश होऊ नका. तो आकडा बहुतेक वेळा ते तुटेपर्यंतचा असतो. त्याला चारने भागा आणि मग आपल्या टीव्हीशी तुलना करा.

दोन गोष्टी मात्र कुठल्याही परिस्थितीत नको. एक, साध्या प्लॅस्टिकच्या गिट्ट्या जिप्सममध्ये. गिट्टी काम करते ती फुगून आजूबाजूच्या विटेवर दाब देऊन. जिप्सम दाबला की त्याचा खडू होतो. दुसरी, काळे जिप्सम स्क्रू ब्रॅकेटला. ते बोर्ड चॅनेलवर बसवायला बनलेत. कडक पण ठिसूळ असतात, वजनाने वाकण्याऐवजी कट्कन तुटतात.

आणि ५५ इंचांच्या वरचा टीव्ही, आत प्लाय नाही, मागून उघडता येत नाही, अशी गाठ पडली तर सरळ स्टँड घ्या किंवा विटांची भिंत निवडा. यात कमीपणा काही नाही.

विटेची, ब्लॉकची आणि दगड-मातीची भिंत

गिट्टी हा शब्द आपण इतका सहज वापरतो. तिचं मूळ लंडनमधलं. जॉन रॉलिंग्ज या ठेकेदाराने १९११ च्या सुमारास तंतूंचा प्लग काढला, त्यावरूनच आपल्या हार्डवेअरच्या दुकानातला 'रावळ प्लग'. आजचा नायलॉनचा प्लग आर्टुर फिशर या जर्मन संशोधकाने १९५८ मध्ये आणला. विटेच्या भिंतीत हा प्लग उत्तम, फक्त तो प्लास्टरच्या आत विटेत पोचला पाहिजे आणि विटांच्या सांध्यात यायला नको. लोखंडी अँकर फास्टनर काँक्रीटसाठी आहे. विटेत तो जोरात आवळला तर वीट आतून फुटते. चार इंची भिंतीत भोक आरपार जाणार नाही हेही बघा, बिटला टेप गुंडाळून खोली ठरवून घ्या.

मावशीकडे पुढे काय केलं ते सांगते. पॅनलच्या मागच्या पोकळीत तेवढ्याच जाडीचे लाकडी ठोकळे बसवले, आणि १० मिलिमीटर जाड, पाच इंच लांब फ्रेम प्लग पॅनल आणि ठोकळ्यातून थेट विटेत नेले. ठोकळे नसते तर बोल्ट आवळताना पॅनल आत दबलं असतं.

एएसी ब्लॉकमध्ये हॅमर मोड बंद करून ड्रिल करायचं. हॅमरने भोक मोठं होतं आणि प्लग सैल बसतो. या ब्लॉकसाठी वेगळे, लांब आणि रुंद आट्यांचे नायलॉन प्लग मिळतात, तेच मागा. वजन जास्त असेल तर केमिकल अँकर.

आणि गावाकडची माळवदाची घरं? दोन-तीन फूट जाडीची दगड-मातीची भिंत बघून वाटतं, हिच्याएवढं मजबूत काय असणार. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, गणपती विसर्जनाच्या रात्रीनंतर, किल्लारी-सास्तूर भागात अशाच भिंतींनी हजारो माणसं गाडली. दगड मातीत नुसते रचलेले होते, एकमेकांना धरून नव्हते, आणि वर मातीच्या छताचं ओझं. माझा जन्म त्यानंतरचा, पण आमच्या घरात आजही जाड भिंतीचं कौतुक कुणी करत नाही. टीव्हीपुरतं सांगायचं तर अशा भिंतीत भोक पाडलं की दगडावर बिट घसरतो, आणि दोन दगडांच्या मध्ये गेला तर नुसती माती येते. प्लगला धरायला काहीच नसतं. तिथे टीव्ही खालीच ठेवा, भिंतीला चिकटून, रुंद कपाटावर, आणि मागून पट्ट्याने कपाटालाच बांधा.

हा पट्टा सगळ्यांनीच लक्षात घ्यावा असं मला वाटतं. २१ मार्च २०२४ च्या सकाळी हिंगोलीत केंद्र असलेले ४.५ आणि ३.६ तीव्रतेचे दोन धक्के नांदेडलाही जाणवले, त्याच वर्षी १० जुलैला पुन्हा ४.५ चा. नुसता टेबलावर, दोन बारीक पायांवर उभा केलेला टीव्ही अशा वेळी भिंतीवरच्या टीव्हीपेक्षा लवकर पडतो. लेकरू टेबलाला धरून उभं राहायला शिकत असतं तेव्हा तर त्याला धक्क्याचीही गरज नसते. टीव्हीच्या मागे ती वेसाची भोकं रिकामीच असतात, त्यात बोल्ट घालून पट्टा बांधता येतो. असे पट्टे ऑनलाइन दोन-चारशे रुपयांत मिळतात.

बसवायला माणूस आला की

टीव्हीसोबत मोफत बसवून देणारा माणूस दिवसाला कितीतरी घरं करतो. त्याच्या पिशवीत एकाच मापाचे स्क्रू आणि एकाच मापाच्या गिट्ट्या असतात, आणि त्या विटेच्या भिंतीसाठी असतात. त्याच्यावर राग काढून उपयोग नाही. तो यायच्या आधी तुमची भिंत कोणती हे तुम्हाला माहीत असलं पाहिजे आणि सामान तुम्ही आणून ठेवलं पाहिजे. तो म्हणेल, "काही होत नाही दादा, रोज लावतो." तेव्हा त्याला एकच विचारा, हा स्क्रू नेमका कशात धरलाय? पॅनलमध्ये, जिप्सममध्ये, की विटेत? उत्तर देता आलं नाही तर ब्रॅकेट बाजूला ठेवायला सांगा.

उंची ठरवताना सोफ्यावर बसा आणि डोळ्यांच्या रेषेत स्क्रीनचा मध्य येऊ द्या, जमिनीपासून साधारण साडेतीन फूट. टीव्ही जितका वर तितकी मान दुखते, आणि पडला तर तितका जोरात पडतो.

लावून झाल्यावर ब्रॅकेटच्या वरच्या कडेला भिंतीवर पेन्सिलची बारीक रेघ मारून ठेवा आणि तिचा तारखेसह फोटो काढा. एक महिन्याने बघा, मग दर दिवाळीच्या साफसफाईत. रेघ आणि ब्रॅकेट यांच्यात फट दिसली, बोर्डवर भोकाभोवती केसासारखी चीर दिसली किंवा ब्रॅकेटखाली पांढरी भुकटी सांडलेली दिसली, तर त्याच दिवशी टीव्ही उतरवा. दादाकडची रेघ परवा बघितली, जागेवर आहे. मावशीकडे आता तिचं लेकरू पाच वर्षांचं होत आलंय, आणि दिवाळीला रेघ तपासायचं काम त्यानेच मागून घेतलंय.